आजोळची चौकशी

मधुमेह आहे आणि लघवीतून प्रथिनं जाताहेत, म्हणजे साखरेनंच किडनी बिघडवली, असं आम्ही डॉक्टरही चटकन म्हणून टाकतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण रुग्ण तिशी-पस्तिशीचा, अंगानं काटकुळा आणि कानाला मशीन लावलेला असेल, तर मी आजोळची चौकशी करतो. आईला साखर आहे का? मामा-मावशीला कमी ऐकू येतं का?

पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांना, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्यांना, स्वतःचा डीएनए असतो. जेमतेम ३७ जनुकांचा, आणि तो आईकडूनच मिळतो. त्यातल्या ३२४३ क्रमांकाच्या जागी एक अक्षर बदललं, तर मधुमेह, बहिरेपणा आणि किडनीचा आजार एकाच घरात दिसू शकतो. एकाला फक्त साखर, तर भावाला डायलिसिस, असंही होतं. कारण सदोष डीएनएचं प्रमाण प्रत्येकात वेगळं असतं.

किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात ओढून घेतात. या कामाला ऊर्जा कमी पडली की क्षार लघवीवाटे वाहून जातात. लहान मुलांची हाडं वाकतात, वाढ खुंटते. मोठ्यांमध्ये बहुधा गाळणीच खराब होते. बायोप्सीत ‘एफएसजीएस’ (गाळणीच्या काही भागांवर पडलेले व्रण) दिसतं, स्टेरॉइड सुरू होतात, किडनीला गुण येत नाही आणि साखर मात्र चढते.

वयानुसार रक्तातलं या ३२४३च्या दोषाचं प्रमाण घटत जातं. म्हणून रक्ताचा रिपोर्ट निर्दोष आला, तरी लघवीतल्या पेशींची जनुकीय तपासणी करता येईल का, ते विचारा. निदान पक्कं झालं तर लॅक्टिक ॲसिड वाढण्याच्या धोक्यामुळे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सहसा टाळतात; मात्र स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. ‘क्यू-१०’ या ऊर्जा तयार करायला लागणाऱ्या द्रव्याच्या गोळ्यांबद्दलही विचारणा होते. ज्यांचं शरीर ते मुळातच बनवू शकत नाही, अशा मोजक्या रुग्णांना त्या वेळेवर दिल्या तर खरा फायदा होतो. बाकीच्यांच्या किडनीसाठी तेवढा भरवसा देता येत नाही.

किडनी बदलायची वेळ आली की “माझी काढून द्या” म्हणत आई पुढे येते. इथे मात्र आई, भाऊ, बहीण, मावशी यांची आधी तपासणी हवी, कारण तोच दोष त्यांच्यातही असू शकतो. वडिलांकडून हा दोष येत नाही. ते बहुधा बाहेर बाकावर बसलेले असतात. मी त्यांना आत बोलावतो आणि रक्तगट विचारतो.