केनी वॉशिंग्टन : उशिरा उघडलेले दार

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, त्यात चेंडू पायापेक्षा हातांनीच अधिक नेला जातो. चेंडू छातीशी धरून प्रतिस्पर्ध्यांची फळी भेदीत धावावयाचे, किंवा तो पुढील सहकाऱ्याकडे अचूक फेकावयाचा. केनी वॉशिंग्टन (१९१८–१९७१) हा कृष्णवर्णीय खेळाडू या दोन्ही कामांत निष्णात होता. लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळताना १९३९ च्या हंगामात, धाव व फेक मिळून, देशातील महाविद्यालयीन खेळाडूंत सर्वाधिक यार्डांची मजल त्याचीच होती. तरीही नॅशनल फुटबॉल लीगमधील एकाही संघाने त्याची निवड केली नाही.

१९३४ ते १९४५ या बारा हंगामांत त्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम नव्हता. संघमालकांचा मूक संकेत पुरेसा होता. वॉशिंग्टन पश्चिम किनाऱ्यावरील दुय्यम संघांतून खेळत राहिला. गुडघे दुखावले, उमेदीची वर्षे सरली.

मग हा संकेत मोडला कसा? १९४६ साली रॅम्स हा संघ क्लीव्हलँडहून लॉस एंजलिसला आला आणि त्याने तेथील कोलिसियम हे सार्वजनिक क्रीडांगण मागितले. हॅली हार्डिंग व इतर कृष्णवर्णीय पत्रकारांनी रोकडा सवाल केला : कर सर्वांनी भरावयाचा, मग मैदानावर काहींनाच मज्जाव का? या रेट्यापुढे रॅम्सने २१ मार्च १९४६ रोजी वॉशिंग्टनशी करार केला. पाठोपाठ वुडी स्ट्रोड यालाही घेतले. वॉशिंग्टनचा विद्यापीठातील सहकारी जॅकी रॉबिन्सन प्रमुख बेसबॉल लीगमध्ये उतरला तो त्यानंतरच्या वर्षी.

वॉशिंग्टनचे वय तेव्हा सत्तावीस होते. १९४७ मध्ये त्याने दर धावेमागे सरासरी ७.४ यार्ड मिळवून लीगमध्ये अग्रस्थान पटकाविले. शंभर यार्डांच्या मैदानावर ९२ यार्डांची त्याची धावही त्याच वर्षीची. १९४८ अखेर तो निवृत्त झाला. तीन हंगाम, १४० धावा, ८५९ यार्ड : एवढीच त्याची लीगमधील जमा.

केवळ या आकड्यांवरून त्याचे मोल ठरविणे अन्यायाचे होईल. अलिखित बंदी कोणी रद्द करू शकत नाही, कारण ती कोणी घातल्याचे कबूलच करीत नाही. तिला चव्हाट्यावर आणून जाब विचारावा लागतो. लॉस एंजलिसमध्ये तसा जाब विचारला गेला म्हणून दार उघडले. पण ज्याच्यासाठी उघडले, त्याचे पाय तोवर थकले होते.