मुक्या जिवाचा घास

ससा, गिनीपिग यांसारखे लहान प्राणी घरात आले की हाती येईल तो पाला मोठ्या मायेने त्यांच्यापुढे टाकला जातो. हे प्राणी शाकाहारी आहेत हे खरे. परंतु कोणताही पाला त्यांना मानवतो, हा समज चुकीचा आहे.

सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि तंतुमय गवत चावतानाच ते योग्य प्रकारे झिजतात. त्याच्या आतड्यातील सूक्ष्मजीव हे तंतू आंबवून पचनास साहाय्य करतात. म्हणून वाळलेले गवत हाच त्याचा मुख्य आहार होय. पालेभाजी केवळ पूरक. आहार एकाएकी बदलल्यास सूक्ष्मजीवांचा समतोल ढळतो आणि पोट बिघडते. शिवाय सशाला ओकता येत नाही. त्यामुळे अपायकारक पान एकदा पोटात गेले की ते बाहेर टाकण्याचा तो मार्ग त्याला नसतो.

कोथिंबीर व गाजराचा पाला सशाला बेताने देता येतो. पालकात ऑक्झॅलेटचे प्रमाण अधिक असल्याने तो क्वचितच द्यावा. कोबीच्या पानांनी पोटात वायू धरू शकतो. कांद्याची पात, लसूण, बटाटा व टोमॅटो यांची पाने मात्र कधीही देऊ नयेत. अंगणातील कण्हेर तर विषारीच आहे. गिनीपिगाचे शरीर मानवाप्रमाणेच 'क' जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. म्हणून ढोबळी मिरचीसारखी ताजी भाजी त्याच्या आहारात असावी.

भाजीवर कीटकनाशकांचा अंश असू शकतो. यासाठी ती वाहत्या पाण्यात स्वच्छ धुऊन, निथळून द्यावी. नवी भाजी एका वेळी एकच आणि अल्प प्रमाणात द्यावी. त्यानंतर विष्ठा पातळ होते का, याकडे लक्ष ठेवावे. पिवळी पडलेली, कुजलेली पाने टाकून द्यावीत व उरलेला पाला पिंजऱ्यातून काढावा. सशाने खाणे थांबवले किंवा त्याच्या लेंड्या पडेनाशा झाल्या, तर उद्यापर्यंत वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे.

मुका जीव आपले दुखणे सांगू शकत नाही. पुढ्यात आलेले पान तो विश्वासाने खातो. त्या विश्वासाला पात्र ठरायचे, तर मायेला माहितीची जोड हवी.

विचार करा
१. गवत हा सशाचा मुख्य आहार का आहे?
२. 'मायेला माहितीची जोड हवी' या विधानाचा अर्थ सोदाहरण स्पष्ट करा.