शेतावर कॅमेरे किती व कोठें बसवावे?

राखणीचा माळा कोठें घालावा हें पूर्वीं घरांतील जाणता मनुष्य शेतांतून एक फेरी मारून सांगत असे. आतां पुष्कळ ठिकाणीं माळ्याचें काम कॅमेऱ्याकडे आलें आहे. परंतु तो कोठें बसवावा हें बहुधा विकणाराच ठरवितो, व त्याचा नफा कॅमेऱ्यांच्या संख्येवर असतो.

आम्हीही प्रथम तसेंच केलें. तीन कॅमेरे घेतले; दोन शेतघराच्या गच्चीवर लावले, कारण वीज तेथेंच होती, व तिसरा फाटकाच्या खांबावर. गोठा तिन्हींत दिसे. डाळिंबाच्या बागेचा पलीकडचा कोपरा मात्र एकांतही येत नसे. ऐन तोडणीच्या तोंडावर एका रात्रीं त्याच कोपऱ्यांतून फळें उतरवून नेलीं गेलीं. आमच्या चित्रांत बैल रात्रभर रवंथ करीत होते.

या प्रश्नाचा गणितांत चांगला विचार झालेला आहे. अनेक कोपऱ्यांच्या दालनांतील प्रत्येक जागेवर नजर राहण्यास किती पहारेकरी पुरतील, असा प्रश्न व्हिक्टर क्ली यांनीं १९७३ सालीं विचारला. वात्स्लाव ख्वाताल यांनीं १९७५ सालीं सिद्ध केलें कीं, कोपऱ्यांच्या संख्येस ३ नें भागून बाकी सोडून द्यावी. येईल तितके पहारेकरी नेहमीं पुरतात, व कांहीं आकृतींत तितके लागतातच. म्हणजे १२ कोपऱ्यांच्या आकृतीस ४ पुरे. पण हा पहारेकरी चहूंकडे व वाटेल तितक्या दूर पाहणारा आहे, व मध्यें झाड नाहीं कीं पीक नाहीं. शेतावर असें सुख नसतें. म्हणून तेथें यादीची पद्धत वापरावी.

प्रथम जेथें नुकसान होऊं शकतें तीं ठिकाणें लिहावीं. आमचीं सहा आहेत: फाटक, विहीर, गोठा, खळें, कांद्याची चाळ व बागेचा कोपरा. नंतर कॅमेरा बसूं शकेल अशा जागा लिहाव्या. आमच्या चार: गच्ची, बांधावरील निंब, पाण्याची टांकी व फाटकाचा खांब. मग कागदावर चौकटी आंखून, ज्या जागेवरून जें ठिकाण दिसतें तेथें १ व दिसत नाहीं तेथें ० मांडावें. हें घरीं बसून मांडूं नये. रात्रीं एकानें ठिकाणावर उभें राहावें, दुसऱ्यानें कॅमेरा जागेवर धरावा. चित्रांत मनुष्य ओळखूं आला तरच १ लिहावा.

आमच्या गच्चीवरून विहीर, गोठा, खळें व चाळ दिसतात. निंबावरून फाटक, गोठा व चाळ. टांकीवरून विहीर, खळें व बाग. खांबावरून फाटक व गोठा. कोणीही प्रथम गच्चीच निवडील, कारण तेथून सर्वांत अधिक दिसतें. मग फाटक व बाग राहतात, व त्यांसाठीं आणखी दोन कॅमेरे लागतात, एकूण तीन. आतां दुसऱ्या बाजूनें पाहूं. खांबावरून जें दिसतें तें सर्व निंबावरूनही दिसतें. म्हणून खांब खोडावा. खांब गेल्यावर फाटक केवळ निंबावरून दिसतें. म्हणून निंब अवश्य झाला. बाग केवळ टांकीवरून दिसते. म्हणून टांकीही अवश्य. या दोहोंत सहाही ठिकाणें आलीं. एकाच जागेवरून सहाही दिसत नसल्यामुळें दोहोंहून कमी कॅमेऱ्यांत काम होणें शक्य नाहीं. सर्वांत अधिक पाहणारी गच्चीच अनावश्यक ठरली, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

जागा वीस झाल्या तर निवडीचे १०,४८,५७६ प्रकार होतात. तेथें संगणक लावावा. त्यास सांगावयाचें एवढेंच कीं, प्रत्येक ठिकाण निवडलेल्या निदान एका जागेवरून दिसावें व एकूण खर्च कमींत कमी व्हावा. जेथें वीज नाहीं तेथील सौरपट्टीचा खर्चही त्यांत धरावा.

पैसा एकाच कॅमेऱ्यापुरता असेल तर ठिकाणें मोजून भागत नाहीं. नुकसानीच्या मानानें प्रत्येकास गुण द्यावे. आम्हीं फाटकास १, विहिरीस ५, गोठ्यास ३, खळ्यास १, चाळीस ४ व फळें लागलेल्या बागेस ८ गुण दिले. गच्चीचे १३ होतात, निंबाचे ८, टांकीचे १४. म्हणजे टांकी श्रेष्ठ. फळें उतरल्यावर बागेचे गुण २ वर आले कीं टांकीचे ८ च राहतात, व कॅमेरा गच्चीवर नेणें योग्य होतें.

उंच पिकाचा विचार मात्र वेगळा करावा. आमची वरील मांडणी ऊंस तुटल्यानंतरची आहे. ऊंस पुरुषभर वाढला म्हणजे टांकीवरून विहीर व खळें दिसेनाशीं होतात, व दोन कॅमेरे पुरत नाहींत. तोंपर्यंत आमचा तिसरा कॅमेरा पेटींत आहे. पुढें तो गच्चीवर चढेल.