काम फसले तर मन कसे सावरावे?

व्यापारी व कारागीर बांधवांनो, नफ्यातोट्याचा हिशेब मुनीम शिकवतो. पण अंगावर घेतलेले काम बुडाल्यावर मनाचे काय करावे, हे कोणी शिकवत नाही. नवी डिझाइन मागावर चढवली, ताक्यांचा ढीग लागला आणि बाजाराने माल नाकारला, असा प्रसंग भिवंडी-मालेगावच्या मागवाल्यांना नवा नाही. माल पडेल भावाने निघून जातो, मनातली सल मात्र राहते.

अशा वेळी माणूस दलालाला तोंड दाखवायचे टाळतो. कारागिरांवर, घरच्यांवर चिडतो. सर्वांत घातक म्हणजे, गेलेला पैसा एका झटक्यात परत आणण्यासाठी उधारी वाढवून दुसरा मोठा डाव मांडतो. पहिल्या तोट्यातून वाचलेली पेढी या दुसऱ्या डावात बुडते. डॅनियल कानमन व अमोस त्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हेच मांडले. शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचे दुःख मोठे असते आणि ते भरून काढण्यासाठी माणूस जास्त धोका पत्करतो.

आपल्याच धंद्यातले जुने उदाहरण पाहा. मुंबईहून चीन-जपानकडे जाणाऱ्या सुताचे जहाजभाडे फार चढे होते. म्हणून जमशेटजी टाटांनी १८९३ च्या सुमारास एका जपानी कंपनीच्या साथीने ‘टाटा लाइन’ सुरू केली. बड्या इंग्रज कंपनीने भाडे इतके पाडले की टाटांच्या बाजूचे व्यापारीही तिकडे वळले. टाटा लाइन बंद करावी लागली. पण त्यांची नागपूरची एम्प्रेस मिल चालू राहिली आणि १९०३ मध्ये मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडले. एक काम बंद झाले, माणूस संपला नाही.

आपण काय करावे?

१. दुःखाला आठ-दहा दिवस द्या. त्या दिवसांत नवे कर्ज घेऊ नका, कोणा कारागिराला काढू नका.

२. भागीदाराला व घरात तोट्याचा खरा आकडा स्वतः सांगा. बाहेरून कळला तर भरवसाही जातो.

३. कारागिरांची मजुरी आधी चुकवा. सौदा फसला, त्यांची मेहनत नाही.

४. कागदावर दोन रकाने करा. सुताचा भाव, मंदी, पाऊस हे आपल्या हातात नव्हते. नमुना न दाखवता माल विणणे, एकाच गिऱ्हाइकावर विसंबणे हे हातात होते. पुढच्या वेळी दुसरा रकाना सुधारायचा.

५. पडून असलेला माल मिळेल त्या रास्त भावाने काढा. रोज डोळ्यांसमोर तो ढीग असेल तर जखम भरत नाही.

सबुरी म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. घाई न करता काम चालू ठेवणे होय. एवढे करूनही कित्येक आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. त्यात कमीपणा मानू नये.