वाघाची वाट आणि आपली जबाबदारी

पवित्र कुरआनच्या सूरह अल-अनआममधील ३८व्या आयतीत अल्लाहने पशुपक्ष्यांनाही मानवासारख्याच ‘उम्मती’ म्हटले आहे. उम्मत म्हणजे केवळ कळप नव्हे. जिची स्वतःची जीवनरीत आहे असा समुदाय. त्यांच्या रिज्कची जबाबदारीही अल्लाहनेच घेतली आहे, हे सूरह हूदमध्ये (आयत ६) स्पष्ट केले आहे.

या शिकवणीचा प्रत्यय आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही आला. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ बाहेर पडला. संशोधकांनी त्याच्या गळ्यात पट्टा बसवला होता. त्याच्या ठावठिकाण्याची नोंद उपग्रहाद्वारे होत असे. महाराष्ट्र व तेलंगणातील शेते, नाले आणि महामार्ग ओलांडत तो वर्षअखेरीस आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एकूण भटकंती तीन हजार किलोमीटरांहून अधिक भरली. वयात आलेल्या वाघाला स्वतःचे क्षेत्र, भक्ष्य आणि जोडीदार शोधावा लागतो, असे विज्ञान सांगते. ज्याला आपण ‘वाघ शेतात शिरला’ म्हणतो, तो पुष्कळदा आपल्या वाटेने जाणारा प्रवासी असतो.

सुनन अबू दाऊदमधील एका हदीसनुसार, प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती व्याकूळ होऊन घिरट्या घालू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिला कोणी दुखावले, असे विचारून पिल्ले परत ठेवण्याचा आदेश दिला. आपल्या विद्वानांनीही ही दृष्टी जपली. चौदाव्या शतकात इजिप्तचे फकीह अद-दमीरी यांनी ‘हयातुल हयवान’ या ग्रंथात प्राण्यांचे स्वभाव आणि त्यांच्याविषयीचे शरई हुकूम एकत्र मांडले.

अर्थात, शेतकऱ्याचे दुःखही खरे आहे. रानडुकरे उभे पीक उद्ध्वस्त करतात, बिबट्या गोठ्यातील जनावर नेतो. जीविताचे व मालाचे रक्षण करण्यास शरीअतची परवानगी आहे. परंतु कुंपणात विजेचा प्रवाह सोडणे म्हणजे रक्षण नव्हे. ती तार वाघ, हरीण, शेजाऱ्याचा बैल आणि रात्री पाणी द्यायला निघालेला मजूर यांत भेद करीत नाही. तो जुलूम आहे, आणि कायद्याने गुन्हाही. नुकसान झाल्यास वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करावा, राखण करावी, गोठा भक्कम बांधावा.

ज्या उम्मतीला बोलता येत नाही, तिच्याविषयीही आखिरतमध्ये आपल्याला विचारले जाईल. अल्लाह आपल्याला हा हक्क ओळखण्याची तौफीक देवो. आमीन.