आळशी डोळा : एकेक डोळा झाकून पाहा

नोकरभरतीच्या किंवा वाहन परवान्याच्या तपासणीसाठी विशीतले तरुण माझ्याकडे येतात. त्यातला एखादा एका डोळ्याने तक्त्याची शेवटची ओळ भरभर वाचतो; तो डोळा झाकला की दुसऱ्याने वरचे मोठे अक्षरही अडखळते. चष्मा लावूनही फारसा फरक पडत नाही. "डॉक्टरसाहेब, हे मला आजच कळले," असे तो सांगतो. हा बहुतेक वेळा लहानपणी लक्षात न आलेला 'आळशी डोळा', म्हणजेच अँब्लायोपिया असतो. दर शंभर मुलांपैकी साधारण एक ते तीन मुलांना तो असतो.

असे का होते?

यात मुलाचा आळस नाही. डोळा चित्र टिपतो, पण त्याचा अर्थ लावतो मेंदू. जन्मानंतरची पहिली सात-आठ वर्षे मेंदू पाहायला शिकत असतो. या काळात एका डोळ्याचे चित्र अंधूक आले, तर मेंदू ते बाजूला सारतो आणि चांगल्या डोळ्यावर काम भागवतो. ह्यूबेल व वीझल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला. उघडल्यावर डोळा निरोगी होता, पण मेंदू त्याची दखल घेत नव्हता. दृष्टीविषयीच्या संशोधनासाठी त्यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

कारणे कोणती?

पहिले कारण तिरळेपणा. दुसरे, दोन्ही डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक किंवा दोन्हींना फार मोठा नंबर. तिसरे, जन्मजात मोतीबिंदू किंवा बुबुळावर उतरलेली पापणी. यातले दुसरे कारण फसवे. बाहेरून काहीच दिसत नाही आणि एक डोळा चांगला असला की मूल तक्रारही करीत नाही.

तिरळा डोळा भाग्याचा असतो, मोठेपणी आपोआप सरळ होतो, या समजुती सोडून द्याव्यात. चार महिन्यांनंतरही बाळाचा डोळा तिरळा दिसत असेल तर तपासणी हवीच. बाहुलीत पांढरी चमक दिसली तर एक दिवसही थांबू नये. तो मोतीबिंदू असू शकतो, क्वचित डोळ्याचा कर्करोगही.

घरी काय पाहावे?

मूल खेळत असताना हळूच एक डोळा झाकावा, मग दुसरा. एक डोळा झाकल्यावर ते स्वस्थ राहते आणि दुसरा झाकल्यावर रडते, हात ढकलते, तर शंका घ्यावी. मोठ्या मुलाला एकेका डोळ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे दुरून वाचायला लावावेत. मात्र ही नुसती चाळणी आहे. तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान प्रत्येक मुलाची नेत्रतज्ज्ञाकडून एकदा तपासणी व्हावी. अक्षरे न येणाऱ्या मुलांसाठी चित्रांचे तक्ते असतात. बाहुली मोठी करणारे औषध घालून नंबर काढतात. त्याने थोडा वेळ अंधूक दिसते, त्याला घाबरू नये.

उपचार काय?

मोतीबिंदू वा पापणीचा अडथळा असेल तर तो आधी दूर करतात. नंतर योग्य चष्मा, तोही दिवसभर. काही मुलांची दृष्टी तीन-चार महिन्यांत नुसत्या चष्म्यानेच सुधारते. उरलेल्यांच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावे लागते. दोष मध्यम असेल तर रोज दोन तास, जास्त असेल तर सुमारे सहा तास पट्टी लागते. त्या वेळी मुलाला चित्रे रंगवायला, मणी ओवायला, डाळ निवडायला बसवावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पट्टीखाली घामाने खाज येते. सकाळची वेळ किंवा कूलरसमोरची जागा बरी. पट्टी न जमल्यास काही मुलांच्या चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचे थेंब घालतात. ते तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घालावेत आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

पट्टीचे तास मनाने वाढवू नयेत. चांगला डोळाही मंदावू शकतो. पट्टी सुटल्यावर सुमारे चारांपैकी एका मुलाची दृष्टी पुन्हा घसरते, म्हणून तपासणी चालू ठेवावी. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेने डोळा सरळ होतो, पण मंद दृष्टी तेवढ्याने परत येत नाही.

सात वर्षांच्या आत सुरुवात झाली तर फळ उत्तम. दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही फायदा होतो, काही तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांनाही. तेव्हा उशीर झाला म्हणून घरी बसू नये.

कुठे जावे?

नागपुरात मेडिकल आणि मेयो, दोन्ही ठिकाणी नेत्रविभाग आहेत. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील पथके अंगणवाड्यांत व शासकीय शाळांत मुले तपासतात. पथकाने चिठ्ठी दिली तर ती दप्तरात राहू देऊ नका, मुलाला घेऊन रुग्णालयात जा. एकच डोळा कामाचा असलेल्या माणसाच्या त्या डोळ्याला इजा झाली, तर त्याच्या हाती काही उरत नाही. शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला आपण आठवणीने काढतो. त्याच आठवड्यात डोळेही तपासून घ्यावेत.