पाठीमागचा डोळा : सायकलीचा रडार-दिवा आणि ग्रामीण रस्त्यांवरील सुरक्षितता

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग येथील लोक परंपरेने मानतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेने ही विभागणी केलेली आहे. वर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या तालुक्यांचे पठार. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या तालुक्यांचे पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट, काळ्या मातीचे क्षेत्र. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरणारा राजूर घाट आणि ज्ञानगंगा अभयारण्यातून खामगावकडे जाणारा बोथा घाट हे या दोन भागांना जोडणारे महत्त्वाचे दुवे होत. घाटाखालून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ मलकापूर, नांदुरा, खामगाव असा जातो. घाटावरून नागपूर-मुंबईचा जुना मार्ग मेहकर व सिंदखेड राजा येथून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. तथापि त्या मार्गावर सायकलीला प्रवेश नाही. सायकलस्वाराचा सारा व्यवहार जुन्या रस्त्यांवर आणि त्यांना येऊन मिळणाऱ्या गावरस्त्यांवरच चालतो.

या रस्त्यांवर सायकल चालविणारे कोण, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. शेतावर जाणारा मजूर, दुधाच्या कॅन लावून निघालेला गवळी, आणि मोठ्या संख्येने शाळेला जाणाऱ्या मुली. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील १२५ मागास तालुक्यांत इयत्ता आठवी ते बारावीच्या गरजू विद्यार्थिनींना सायकल खरेदीसाठी अर्थसाहाय्य दिले जाते, आणि त्यांत बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्यांचाही समावेश आहे. हे साहाय्य २०२२ साली साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये करण्यात आले. या सायकलीने अनेक मुलींचे शिक्षण टिकवून धरले आहे. मात्र ज्या सायकलीने मुलीला शाळेपर्यंत नेले, तिने तिला रोज सुखरूप घरीही आणले पाहिजे. हिवाळ्यात येथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पाचला सुटलेली शाळा, वाटेतील चार-पाच किलोमीटरचे अंतर आणि मैत्रिणींची सोबत यांत संधिप्रकाश केव्हा उतरतो हे कळतही नाही.

धोका मागून येतो

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदींनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सायकलस्वार ४ हजार ८०० हून अधिक होते. त्याच वर्षीच्या सर्व अपघातांपैकी सुमारे एक-पंचमांश अपघात मागून धडक बसण्याचे होते. सायकलस्वाराच्या दृष्टीने या प्रकाराचे विशेष भय असे की, समोरचे संकट त्याला दिसते, मागचे केवळ ऐकू येते. आणि समोरून वारा वाहत असला की तेही ऐकू येत नाही. वळून पाहावे तर हाताबरोबर सायकलही वळते, आणि ती वळते रस्त्याच्या मध्याकडे.

या उणिवेवर उपाय म्हणून गेल्या दशकात एक नवे उपकरण जगाच्या बाजारात आले आहे. सायकलीच्या मागील दिव्यातच लहानसे रडार बसविलेले असते, आणि काही प्रकारांत त्याच्या जोडीला कॅमेराही असतो. दक्षिण आफ्रिकेतील आयकुबू या छोट्या कंपनीने याचा पाया घातला. २०१५ साली ती कंपनी गार्मिन या उद्योगाने घेतली आणि त्याच वर्षी 'व्हेरिया' नावाचा पहिला रडार-दिवा विक्रीस आणला. ऑस्ट्रेलियातील सायक्लिक या कंपनीने मागच्या दिव्यात कॅमेरा बसविण्याची कल्पना त्याआधीच रूढ केली होती. २०२२ साली गार्मिनने दिवा, रडार व कॅमेरा हे तिन्ही एकाच डबीत आणले.

उपकरणाचे कार्य

रडारचे तत्त्व जुने आहे. जर्मनीतील ख्रिस्तियान ह्युल्समायर यांनी १९०४ साली विद्युत्-चुंबकीय लहरींच्या प्रतिध्वनीने दूरचे जहाज ओळखण्याचे एकस्व मिळविले होते. सायकलीवरील रडार हेच काम अल्प प्रमाणावर करते. ते सेकंदाला सुमारे २४ अब्ज आवर्तनांच्या लहरी मागे सोडते. अशा एका लहरीची लांबी जेमतेम सव्वा सेंटिमीटर असल्याने मुठीत मावेल एवढे उपकरण पुरते. मागच्या वाहनावर आपटून लहर परत येते, तेव्हा दोन गोष्टींचा बोध होतो. प्रतिध्वनी येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर कळते आणि परतलेल्या लहरीच्या बदललेल्या वारंवारतेवरून वेग कळतो.

दुसरी गोष्ट समजण्यास आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण पुरेसे आहे. शेगाव किंवा मलकापूर स्थानकाच्या फलाटावर उभे राहून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी ऐकावी. गाडी जवळ येताना शिटीचा स्वर चढा असतो आणि ती पुढे जाताच एकदम उतरतो. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ साली मांडलेला नियम तो हाच. रडार या नियमाने जवळ येणारे वाहन आणि दूर जाणारे वाहन यांतील भेद ओळखते, व जवळ येणाऱ्याचीच सूचना देते. ही सूचना हॅन्डलवरील लहान पडद्यावर किंवा मोबाइलवर ठिपक्याच्या रूपाने दिसते. हिरवा रंग म्हणजे मागे कोणी नाही, पिवळा म्हणजे वाहन येत आहे, तांबडा म्हणजे ते फार वेगाने येत आहे. जोडीला ध्वनीची सूचनाही मिळू शकते, म्हणून नजर रस्त्यावरून हलवावी लागत नाही.

सेकंदांचा हिशेब

या उपकरणाचा पल्ला सुमारे १४० मीटर सांगितला जातो. या १४० मीटरांतून हाती किती वेळ येतो, हे प्रत्येक वाचकाला सोप्या गणिताने काढता येईल. ताशी १२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मुलीच्या मागून ताशी ६० किलोमीटर वेगाने मालमोटार येत असेल, तर दोघांच्या वेगांतील फरक ताशी ४८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १३ मीटर. तिला साडेदहा सेकंद मिळतात. मोटारगाडी ताशी ९० च्या वेगाने येत असेल तर साडेसहा सेकंदच उरतात. ताशी २५ वेगाचा ट्रॅक्टर असेल तर मात्र जवळजवळ चाळीस सेकंदांची सवड मिळते. साडेसहा सेकंदांत सायकल सरळ धरता येते, मैत्रिणीच्या बरोबरीने चालत असल्यास तिच्या मागे जाता येते, आणि साइडपट्टी चांगली असल्यास तिच्यावर उतरताही येते.

हाच हिशेब चालकाच्या बाजूनेही मांडला पाहिजे. ताशी ६० वेगाचे वाहन थांबण्यास, चालकाच्या मनात विचार येण्यापासून चाक थांबेपर्यंत, सुमारे ४५ ते ५० मीटर लागतात. रात्री खाली केलेल्या दिव्यांच्या उजेडात गडद कपड्यांतील माणूस साधारण तेवढ्याच अंतरावर दिसतो. म्हणजे बिनदिव्याची सायकल दिसते तेव्हा थांबण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. स्वच्छ रिफ्लेक्टर व तांबडा दिवा हे अंतर कित्येक पटींनी वाढवितात. म्हणून रडार-दिव्यातील अधिक मोलाचा भाग रडार नसून दिवा आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे. रडार सायकलस्वाराला जागे करते, तर दिवा चालकाला जागे करतो. आणि धडक टाळण्याचे प्रमुख कर्तव्य चालकाचेच आहे.

चित्रणाचे मोल

कॅमेऱ्याचे प्रयोजन वेगळे आहे. तो अपघात टाळीत नाही, परंतु अपघातानंतरच्या अन्यायाला आवर घालतो. धक्का बसताच त्याआधीचे व नंतरचे चित्रण सुरक्षित ठेवण्याची योजना त्यात असते. याचे मोल आपल्या कायद्यात स्पष्ट दिसते. धडक देऊन पळालेले वाहन ओळखता आले नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या योजनेनुसार मृत्यूबद्दल २ लाख रुपये व गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये भरपाई मिळते. त्यासाठीचा अर्ज अपघात घडला त्या तालुक्यातील महसूल अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. वाहन ओळखले गेले, तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६४ खाली चालकाचा दोष सिद्ध न करताही अनुक्रमे ५ लाख व अडीच लाख रुपयांची तरतूद आहे. कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मृताचे उत्पन्न व अवलंबून असणारे कुटुंबीय यांच्या विचाराने याहून अधिक मागणी करता येते. कष्टकरी कुटुंबाच्या दृष्टीने क्रमांकपट्टीवरील काही अक्षरांवर एवढा फरक अवलंबून असतो.

चित्रण पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून मूळ मेमरी कार्ड जपून ठेवावे, त्यावर पुन्हा चित्रण करू नये व चित्रणात काटछाट करू नये. परदेशात अशा चित्रणाचा उपयोग अपघात होण्यापूर्वीच केला जातो. इंग्लंडमधील वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी २०१६ पासून साध्या वेशातील पोलीस कॅमेरा लावलेल्या सायकलीवर पाठवून फार जवळून ओलांडणाऱ्या चालकांना थांबविले व समज दिली. तेथील वाहतूक नियमावलीत २०२२ पासून सायकलीला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवण्याचे मार्गदर्शन आहे. दीड मीटर म्हणजे साधारण दोन हातांचे अंतर. ते पाळण्यास यंत्राची गरज नाही.

मर्यादा

या उपकरणाकडून अवाजवी अपेक्षा ठेवणे हेही धोक्याचे ठरेल. रडारला वळणापलीकडचे दिसत नाही. राजूर घाटात मागचा रस्ता जेथे चाळीस मीटरच मोकळा दिसतो, तेथे १४० मीटरांचा पल्लाही चाळीस मीटरांवर येतो. सायकलीच्याच वेगाने मागे चाललेले वाहन त्याला न दिसण्याचा संभव असतो. साधा ठिपका वाहनाची रुंदी सांगत नाही. हंगामात कापसाने दोन्ही बाजूंस फुगलेली ट्रॉली आणि साधी मोटारसायकल यांचा ठिपका सारखाच दिसू शकतो. गर्दीच्या बाजाररस्त्यावर सूचना इतक्या येतात की त्यांचा अर्थच उरत नाही. रात्री मागील वाहनाच्या प्रखर दिव्यांमुळे क्रमांकपट्टी चित्रात वाचता येईलच असे नाही. कॅमेरा चालू असता विद्युतघट चार ते सहा तासच पुरतो.

सर्वांत मोठी मर्यादा किमतीची. कॅमेऱ्यासह असलेला हा दिवा २०२२ साली अमेरिकेत ४०० डॉलरला विक्रीस आला. त्या वेळच्या दराने तीस हजार रुपयांहून अधिक. एका दिव्याच्या किमतीत साहाय्याच्या रकमेतील सहा सायकली येतात. प्रत्येक विद्यार्थिनीच्या सायकलीला रडार लावण्याचा विचार म्हणूनच व्यवहार्य नाही.

जिल्ह्याला घेता येण्याजोगा लाभ

तरीही हे तंत्र आपल्या उपयोगाचे नाही, असे म्हणता येणार नाही. या उपकरणाने तीन कामे एकत्र आणली आहेत : दिसणे, जाणणे आणि नोंद ठेवणे. यांतील प्रत्येक काम कमी खर्चात साधता येते.

दिसण्यासाठी मागील मडगार्डवर रिफ्लेक्टर, पेडलवर रिफ्लेक्टर, दप्तराच्या पाठीवर परावर्तक पट्टी आणि घटावर चालणारा साधा तांबडा दिवा पुरेसा आहे. सायकलीच्या रिफ्लेक्टरसाठी केंद्र शासनाने २०२० साली गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आहे. खरेदी करताना मानक चिन्ह पाहून घ्यावे. रिफ्लेक्टरवरील चिखल व धूळ आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसणे हा त्याचा निम्मा उपयोग होय. जाणण्यासाठी हॅन्डलच्या उजव्या बाजूस लहान आरसा लावावा. आपल्याकडे वाहने उजवीकडून ओलांडतात, म्हणून तो उजवीकडेच हवा. आरसा १४० मीटरांचे मोजमाप देत नाही, परंतु वळून पाहण्याचा धोका वाचवितो. रांगेने एकामागे एक चालण्याची सवय शाळेच्या मैदानावरच लावता येईल.

नोंद ठेवण्याच्या कामी मात्र मूळ उपकरणच सामूहिकरीत्या वापरता येईल. असा एक दिवा मुलींसाठी नव्हे, रस्त्यासाठी घ्यावा. रडारच्या साहाय्याने मागून किती वाहने आली व ती कोणत्या वेगाने आली याची नोंद करता येते आणि कॅमेरा ती कशी ओलांडून गेली हे दाखवितो. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने किंवा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने असे एक उपकरण घेऊन शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी विद्यार्थिनींच्या नेहमीच्या मार्गांवरून प्रशिक्षित स्वयंसेवकास सायकलीने फिरविले, तर कोणत्या वळणावर साइडपट्टी भरावयास हवी, कोणत्या फाट्यावर गतिरोधक हवा, कोठे दिव्याचा खांब हवा, हे आठवडाभरात प्रत्यक्ष पुराव्यानिशी सांगता येईल. एका उपकरणाच्या खर्चात अनेक गावांच्या रस्त्यांची पाहणी होईल आणि तिचा लाभ ज्या मुलीने रडार हा शब्दही ऐकलेला नाही, तिलाही मिळेल.

सायकलीने ग्रामीण मुलीला शाळेचे अंतर कमी करून दिले. त्या अंतरातील भय कमी करणे हे आता पालक, शिक्षक, ग्रामपंचायत आणि प्रत्येक वाहनचालक यांचे काम आहे. येत्या हिवाळ्यापूर्वी गावातील प्रत्येक सायकलीच्या मागे एक स्वच्छ तांबडा रिफ्लेक्टर लागला, तरी या कामाचा चांगला आरंभ होईल.